साक्षीदार क्रमांक दोन

तोताराम फालकांनी माझ्यादेखत सही केली
आणि त्यांच्यादेखत मी.
आत काय लिहिलंय ते साक्षीदाराने वाचायचं नसतं,
डॉक्टर वारके मला दुकानातच समजावत होते.
भुसावळात त्या दिवशी सत्तेचाळीस.
कुलरमध्ये पाणी ओतून आलो होतो, हात ओलेच,
म्हणून माझ्या सहीतला 'शिंपी' जरा फुटलाय.

वारके साक्षीदार क्रमांक एक.
मागच्या चैत्रात ते गेले.
आता पिंजऱ्यात उभं राहायला मीच.

सही करताना ते शुद्धीवर होते का?
होते, साहेब. विजारीची शिलाई बाकी आहे, म्हणाले,
आणि सुटे मोजून दिले.
छत्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते ते,
मोजल्याशिवाय काही सोडायचे नाहीत.

हात थरथरला?
थरथरला नाही. थांबला.
सगळा कागद घरून लिहून आणलेला,
एका नावापुरती जागा कोरी.
ती माझ्या कटिंगच्या टेबलावर भरली.
तेवढं एक नाव मी वाचलं. चुकलो असेन तर लिहून घ्या.

मग मुलांचे वकील उठले.
शेत वडिलोपार्जित, बापाने बोलायचं ते आपल्या हिश्शापुरतं.
बँकेत नॉमिनी थोरला
(नॉमिनी राखणदार असतो, मालक नव्हे,
हे न्यायाधीशबाईंनी त्यांना मध्येच सांगितलं).
बहिणीने लग्नाच्या वर्षीच हक्कसोड दिलेली.
उरला वरणगाव रोडचा प्लॉट, ग्रॅच्युइटीतला, स्वकष्टार्जित,
तो कोणालाही देता येतो, मान्य.
'पण दिलाय कोणाला? "माझी मुलगी तापी हिस."
प्रतिवादी बाईंचं नाव सुनंदा.
तापी ही नदी आहे, मॅडम.
पुलावरून दिसते.'

दोघंतिघं हसले.
ती हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

ताटात तांदूळ पसरून, अंगठीने,
सासरच्यांनी तिचं नाव लिहिलं होतं तेव्हा मी मांडवात होतो.
जेवणाची पंगत बसायची म्हणून
ताट लगेच उचललं.
शाळेचा दाखला नाही. शाळेच्या रजिस्टरला वाळवी.

मी म्हणालो, माझ्याकडे वही आहे.
कसली?
मापाची.
तापी तोताराम, परकर, उंची अठरा.
पुढच्या दिवाळीला वीस.
मग तेवीस, दोन इंच दुमड ठेवणे.
मग एक वर्ष काहीच नाही, त्या साली तिची आई गेली.
मग लग्नाची पोलकी, खांदा तेरा.
पुढच्या पानावर सुनंदाबाई, रावेर.
खांदा तेराच.

वही यादीत नाही, अर्ज करा, बाई म्हणाल्या.
पुढची तारीख एकोणीस.

बाहेर चहाच्या गाडीजवळ तिने एवढंच विचारलं:
'लोटनकाका, वही परत देतात का हो ते?'
प्लॉटचं काही बोलली नाही.
मी म्हणालो झेरॉक्स काढू,
आणि झेरॉक्सवाल्याकडे लाइट नव्हती.

मुंबईला म्हणे प्रोबेट का काय लागायचं.
इकडे तसं नाही, इकडे भांडण लागलं की कोर्ट.
स्टॅम्पपेपरसुद्धा नको, साधा कागद चालतो,
धोब्याच्या हिशेबाच्या पाठीवर लिहिलं तरी.
फक्त दोन माणसं हवीत, सही बघणारी,
आणि शक्यतो तुमच्यापेक्षा तरुण.

रात्री मीही कागद घेतला.
शिलाईचं मशीन. कात्री, मोठी. इस्त्री, कोळशाची, चालू नाही.
दुकान भाड्याचं, ते लिहायचं नाही.
हे सगळं माझ्या पश्चात माझी पत्नी
आणि इथे पेन थांबलं.
एकेचाळीस वर्षं झाली,
माझ्या आईने तिला ठेवलेलं नाव मला पाठ आहे.

आतल्या खोलीत कळण्याच्या भाकरीचा वास.
मी हाक मारून विचारलं, अगं, तुझं नाव काय?
भाकरी तव्यावर उलटल्याचा आवाज आला.
मग, जरा वेळाने:
'कागदाला कोणतं लागतं?'