बर्फाची जाडी

वैदोतास पूर्वी क्लायपेडा बंदरात वाटाड्या होता.
धुक्यात परक्या जहाजावर दोराच्या शिडीनं चढायचा
आणि ते अलगद धक्क्याला लावायचा.
आता तो लिहितो : खाडीवर बर्फ किती?
आणि पोचतो जुगाराच्या अड्ड्यावर.
पुन्हा लिहितो. या खेपेस केस उगवायचं तेल.

मी शेजारीण. मला बोलावलं,
कारण माझा मुलगा विल्नियसला संगणकाचं काहीतरी शिकतो.
तेवढी पात्रता पुरली.

एक्स्टेंशन सहज निघालं,
मासेमारीचे नकाशे फुकट देतो म्हणून घरात शिरलेलं.
होमपेज बदललं. चहा झाला.
रीस्टार्ट केलं, तर पुन्हा जुगार,
हाकललेलं मांजर मागच्या दारानं यावं तसा.

मुलाला फोन लावला. आई, तो म्हणाला,
शॉर्टकटची शेपटी बघ, पत्ता चिकटवला असेल.
होता. खोडला.
मग सापडलं नेमून ठेवलेलं एक काम,
रोज पहाटे तीनला उठणारं,
नाव साळसूद : अपडेट.
तेही उडवलं.
तीनला तर मीही उठतो, वैदोतास म्हणाला.

पासवर्ड बदलायला लावले.
सगळीकडे एकाच बोटीचं नाव होतं.
ते पुसताना कुरकुरला.

मग एका बोटानं लिहिलं : खाडीवर बर्फ किती?
अकरा सेंटिमीटर.
दोनदा वाचलं, संगणक बंद केला,
आणि कोपऱ्यातलं बर्फाचं गिरमिट उचललं.
बघून येतो, म्हणाला.

संध्याकाळी माझ्या दाराला पिशवी अडकवलेली.
बोटभर लांबीचे चंदेरी मासे,
ज्यांना ताज्या काकडीचा वास येतो.
सोबत चिठ्ठी :
तेरा.