सहीची जागा

सार्जंट व्हिटेकर यादीतून माझं नाव वाचतो: लागी.
लांगी आहे ते.
आमच्या बेटावर ग-च्या आधी नाकातून थोडी हवा जाते,
लिहीत कुणी नाही, म्हणतात सगळे.
पागो पागो लिहायचं, म्हणायचं पांगो पांगो.
माझा अनुस्वार त्याने गिळला
आणि हसून म्हणाला, एकाहत्तर!
एकाहत्तर मार्कांत तुला काहीही होता येईल.

काहीही.
त्याच्या टेबलावर पेनं, पाण्याच्या बाटल्या,
शेजारी एक लोखंडी दांडा: लटका, टी-शर्ट जिंका.
सेफो बावीस वेळा वर गेला.
खाली उतरल्यावर हात कुठे ठेवावेत
ते त्याला बराच वेळ कळेना.

मी सतराची. म्हणून आईची सही लागते.

आई कॅनरीतून पहाटे येते,
पांढरे गमबूट दाराबाहेर काढते, लिंबाने हात घासते,
तरी ट्यूना तिच्या आधी घरात शिरतो.
बारा वर्षं ती माशाचा काळा भाग पांढऱ्यापासून सोडवते आहे.
पांढरा माणसांच्या डब्यात, काळा मांजरांच्या.
इतकी बारीक निवड करणारी बाई
आणि हा कागद मात्र फ्रीजवर, चुंबकाखाली,
नऊ दिवस तसाच.

वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला.
होनोलुलूच्या कॉलेजची फी. विमान.
धाकट्या दोघांचे बूट. चर्चचा वाटा. छपराचे पत्रे.
समोरच्या रकान्यात त्यांचा पगार, त्यांची शिष्यवृत्ती.
त्याखाली लिहिलं: भीती.
तिची रक्कम काही येईना,
म्हणून खोडली.
बेरीज लगेच जुळली.

इओसुआला विचारलं, जाऊ का?
तो परत येऊन तीन वर्षं झाली.
चर्चमध्ये खांबाला पाठ लावून बसतो,
त्याच्या डाव्या बाजूला बसलं तर
बोलणं ओठांवरून वाचतो.
दोन नारळ सोलून झाले, तिसरा घेतला.
म्हणाला, मोजे चांगले घे. तिथले ओले झाले की वाळत नाहीत.
मी थांबून राहिले.
चौथा नारळ.

जाणाऱ्याच्या गळ्यात आम्ही चॉकलेटच्या माळा घालतो,
पार नाकापर्यंत, की रडणं दिसू नये.
येणाऱ्यालाही घालतो.
कधी येणाऱ्याला गळा दाखवता येत नाही,
तेव्हा बायका बारीक विणीच्या चटया बाहेर काढतात,
लग्नासाठी जपलेल्या.

माझ्या पासपोर्टात एक ओळ आहे,
की ही आमची, पण नागरिक नव्हे.
व्हिटेकरला दाखवली.
गणवेश घातल्यावर ते कुणी बघत नाही, म्हणाला.
छान वाटलं मला.
मग घरी येताना बसमध्ये
तितकंसं नाही.

दहाव्या दिवशी, रविवारी, आईने कागद काढला.
चष्मा लावला. इंग्रजी वाचताना तिचे ओठ हलतात.
शेवटच्या ओळीपर्यंत हलले.
मग नीरफणसाचं गरम भांडं तिने त्यावरच ठेवलं.
चुकून ठेवलं का, ते मी विचारलं नाही.
म्हणाली, चार महिन्यांनी अठराची होशील,
मग ही जागा तुझी.
मी भरणार नाही. फाडणारही नाही. जेव.

मला इतका राग आला
की जेवलेच नाही; मग रात्री उठून उभ्यानेच जेवले.
सहीच्या जागी वाफेचं गोल उमटलं होतं,
कडेने पिवळट, मधे ओलं.
बोट ठेवलं तर कागद बोटाला लागून वर आला.

सोमवारी व्हिटेकरने हाक मारली: लागी.
लांगी, मी म्हटलं.
त्याने पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा.
तिसऱ्यांदा जवळपास जमलं, नाकाला सुरकुती पाडून.
अर्थ काय याचा?
आकाश, मी सांगितलं,
आणि कागद आणला नाही, हेही.