ओल

मिडल्सब्रोच्या एका चौथ्या मजल्यावर
दर मंगळवारी सव्वानऊला मी डोरीनचा पाय मोजते.
जखमेवर पारदर्शक कागद ठेवून
पेनाने कड गिरवते, शाळेत नकाशा गिरवायचो तशी.
घोट्याच्या वर, आतल्या बाजूला,
सात सेंटिमीटर बाय चार.
मागच्या मंगळवारी सात बाय चार.
त्याच्या मागच्याही.

ती मला सॅली म्हणते.
साळवे तिच्या जिभेवर बसत नाही,
आणि मिरजेच्या होस्टेलात मेट्रन ज्या नावाने हाका मारायची
त्यापेक्षा हे बरंच आहे.

लिफ्ट जानेवारीपासून बंद.
डोरीन खाली उतरत नाही, उतरली तर चढणार कशी?
मीटरमध्ये पैसे भरले तर हीटर,
म्हणून ती कोट घालून खुर्चीत बसते
आणि रात्री झोपतेही खुर्चीतच,
कारण पलंगामागची भिंत काळी पडलीय
आणि तिथे आडवं झालं की खोकला.
पाय खाली लोंबत राहतात, सुजतात.
मी पट्टी बांधताना म्हणते, पाय वर ठेवत जा हं.
ती मान हलवते.
आम्ही दोघी सभ्य आहोत.

टॅब्लेटवर बेचाळीस रकाने आहेत.
वास, स्राव, कडा, वेदना एक ते दहा.
भिंतीचा नाही. लिफ्टचा नाही.
मुलाचा फोन शेवटचा कधी आला, याचा नाही.
'सामाजिक' म्हणून एक चौकोन आहे,
त्यात एकशेवीस अक्षरं मावतात.
मी इंग्रजीत लिहिते: एकटी राहते.
एकशेनऊ उरतात.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला शिकवलं होतं,
जखम कोरडी पडू द्यायची नाही,
ओलावा असेल तरच नवी कातडी सरकत येते.
भिंतीत शिरते ती ओल,
माणसात असतो तो ओलावा.
हे मी कुणाला सांगू इथे?
कळवलं होतं, हाउसिंगला, तीनदा.
त्यांनी खिडकी उघडी ठेवायचं पत्रक पाठवलं.

मार्चमध्ये दार येमानेनं उघडलं.
समोरच्या फ्लॅटमधला, इरिट्रियाचा.
कागद येईपर्यंत त्याला काम करायची परवानगी नाही,
आणि रिकामे हात त्याला सहन होत नाहीत.
भिंत ब्लीचने घासून काढली होती,
पलंग आतल्या भिंतीला लावला होता,
दुधाचं क्रेट उपडं, त्यावर उशी, उशीवर डोरीनचे पाय.
घरभर भाजलेल्या कॉफीचा धूर.
"तीन कप प्यावेच लागतात," डोरीन म्हणाली,
"मधे उठलं की त्याला वाईट वाटतं.
तास मोडतो बघ माझा."
तक्रारीच्या सुरात, गालावर रंग.

सहा बाय साडेतीन.
सहा बाय तीन.
मे महिन्यात पाच बाय अडीच.

टॅब्लेट विचारतो, उपचारात काय बदललं?
यादीत चांदीची पट्टी आहे, मधाची आहे, फोम आहे.
मी फोम निवडला.
बैठकीत फोमचं कौतुक झालं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येमानेला हलवलं,
स्वॉन्झीला, दोन दिवसांच्या नोटिशीवर.
जाताना तो क्रेट ठेवून गेला,
भाजायचा लहानसा तवाही.
डोरीनने तवा पुसून टीव्हीवर मांडलाय.
पाच बाय तीन, त्या मंगळवारी.
कड जराशी लाल.

मी गाडीत जाऊन माझी बीपीची गोळी घेतली.
पुढचा पेशंट सात मिनिटांवर, बिलिंगहॅम रोडला.

आता मी थर्मास घेऊन जाते.
कॉफी मला जमत नाही, साधा चहा, आलं किसून.
एक कप ती, एक मी,
मग थर्मासच्या झाकणात अजून थोडा तिला.
पाय क्रेटवर.
ती डॅरेनच्या लहानपणाबद्दल बोलते,
मी मिरजेच्या स्टेशनाबद्दल,
दोघींपैकी कुणालाच सगळं कळत नाही.

खाली आले की स्क्रीन लाल झालेला असतो.
वीस मिनिटं उशीर. कारण निवडा.
मी दर मंगळवारी एकच निवडते:
वाहतूक.