खातं उघडून देताना

ओउलूच्या वाचनालयाखाली, तळघरात,
आमचं जुनं मशीन घरघरतं.
कुणीही अर्ज करावा, शेल मिळतं;
कारण तेवढं लिहायचं.

तैस्तोनं लिहिलं:
बर्फफोड्या जहाजावर स्वयंपाकी होतो.
आत काय असतं, बघायचंय.

दिलं.

पहिल्या रात्री लॉगमध्ये
नुसतं एल-एस, एल-एस, एल-एस,
नव्या बिऱ्हाडात
रिकामी फडताळं उघडून बघावीत तसं.
मग बराच वेळ काहीच नाही.

पहाटे एक फाइल. नाव, लेंपी.
अकरा अक्षरांची.
आणि कुठून शिकला कोण जाणे,
तिला कुलूप: इतरांना वाचायला बंद.

रूट मी. मला कुठलंच कुलूप अडवत नाही.

त्याचा कोटा वाढवला, पाच एमबी,
आणि खुर्ची मागे सरकवली.