तक्ता ब

घणसोलीत तिसऱ्या मजल्यावर, समिती यायच्या चार दिवस आधी
माझ्यापुढे तेवीस नावं आणि पाच रकाने :
नोकरी, स्वयंरोजगार, पुढील शिक्षण, बेरोजगार, संपर्क नाही.
टिक करायची. टक्केवारी खाली आपोआप येते.

मी फोन लावत जाते.

हर्षल केणी तिसऱ्यांदा लावल्यावर उचलतो.
मागे कसलंसं यंत्र घरघरतंय.
"खैरण्याला, औषध कंपनीत, मॅडम. उंदीर सांभाळतो. सहाशे."
पगार विचारला, तो सांगतो, आणि मग आपणहून :
"शेपटीतून रक्त काढतो, एका टोचणीत.
तुम्ही म्हणायचात, दुसऱ्यांदा टोचावं लागलं
तर चूक जनावराची नव्हे."
मी असं म्हणायचे?
नोकरी. टिक.

प्रणोती मढवी, वर्गात पहिली.
मांजराला टॉवेलात असं गुंडाळायची
की मांजरालाच वाटावं, आपली कल्पना होती ही.
सीवूड्सच्या दवाखान्यात आहे. काउंटरवर.
"आत जाऊ देत नाहीत, मॅडम. पट्टे विकते. पट्टे आणि बिस्किटं."
हसली. मीही हसले, उशिरा.
नोकरी. टिक.
हर्षलच्या टिकेएवढीच, त्याच निळ्या शाईची.

दिगंबर वाघे.
याला मीच नापास केलं. दोनदा.
हात असा, की बुजरी कालवड त्याच्या खांद्यावर मान टाकून
लघवीचा नमुना देऊन मोकळी व्हायची.
पण डोस लिहिताना दशांश चिन्ह विसरला :
अर्धा मिलीच्या जागी पाच.
पुरवणी परीक्षेत पुन्हा पाच.
मी लाल रेघ मारली होती. आजही मारीन.
मुरबाडकडच्या त्या नंबरावर त्याची बहीण बोलते :
"तो वरच्या पाड्यावर गेलाय. कुणाची तरी शेळी अडलीय."
परवाना नाही, कागद नाही.
पाठीवर पिशवी असेल, पिशवीत सिरिंज असेल.
रकान्यावर पेन धरून मी थांबते.
अर्धा, दिगंबर. अर्धा.

पहिल्याच आठवड्यात आम्ही एक गोष्ट शिकवतो.
कुत्र्याचा ओठ वर करा, हिरडी अंगठ्यानं दाबा.
पांढरी पडते. सोडा, आणि मोजा.
दोन सेकंदांत गुलाबी परत आली, तर रक्त फिरतंय.
ही तपासणी बटाटीवर होते.
बटाटी म्हणजे कॉलेजची कुत्री, मातकट, जाडजूड,
चार तुकड्यांनी जिच्या पायात सुया खुपसल्या,
आणि जी आता पांढरा कोट दिसला की
सुस्कारा टाकून स्वतःच पंजा पुढे करते.

शर्वाणी तांडेल, दिवाळे गाव.
निवाऱ्यात लागली होती. सात महिन्यांत सोडलं.
"काय करतेस सध्या?"
काही नाही.
मागे कुणीतरी बर्फ फोडतंय.
एक. दोन.
तीन. मी फोन कानाशी दाबून धरते.
चार.
"त्या रात्री अकरा आणली होती, मॅडम. हायवेवरची.
डॉक्टर एकच. मी नुसती धरायचे.
एक झालं की दुसरं धरायचे."
पुन्हा काही नाही. मग :
"बटाटी आहे का अजून?"
"आहे ना. माझ्या टेबलाखाली.
उजव्या पायावर आता केस येत नाहीत तिच्या."
"डावा घ्या, मॅडम. डावी शीर सरळ आहे तिची.
मुलं उगाच उजव्याला जातात."

बेरोजगार. टिक.
टक्केवारी एकाहत्तरवरून अडुसष्टवर आली.

खाली वाकून बघते. डावी शीर. खरंच, सरळ.
वहीत मी कधीच नोंदवलं नव्हतं हे.

संध्याकाळी शिपाई दिवे घालवायला आला
तेव्हा बावीस नावं भरली होती.
दिगंबरपुढचे पाच चौकोन पांढरेच.
उद्या पुन्हा लावीन फोन,
शेळीचं काय झालं, विचारीन.