राक्षस_०७

यादी स्टुडिओने पाठवली होती:
वारा, उघड्यावरचा, चाळीस मिनिटं.
पावलं, कोरड्या बर्फातली, जड माणसाची.
राक्षसाचा गळा – जे मिळेल ते.

खुव्सगुल सरोवराच्या पश्चिम काठावर
दोर्जपालमच्या घरी चूल रात्रभर जळते.
लाकडं तडतडतात, म्हणून मी बाहेर.
उणे छत्तीस.
बॅटऱ्या काखेत धरून
खुडूक कोंबडीसारखी बसलेय.

वस्तीत कुत्री सहा. एकही गप्प बसेना.
दोर्जपालम दारोदार जाऊन आली,
काय सांगितलं कोण जाणे,
पण दिवेलागणीला सहाही कुत्री घरांत घेतलेली,
आणि म्हाताऱ्या तुमेन-ओल्झीने ट्रकचं इंजिन
माझ्यापायी दोन तास बंद ठेवलं.
त्या थंडीत बंद इंजिन म्हणजे काय
ते दुसऱ्या दिवशी कळलं,
चौघं त्याच्या पोटाखाली
निखाऱ्यांची घमेली सरकवत होते तेव्हा.

बर्फाला भोक. भोकातून खाली सोडलेला माइक.
आधी काहीच नाही. माझंच रक्त कानात.
मग टर्रकन –
कापडवाल्याने ठाण फाडावं तसं,
पण ठाण या काठापासून त्या काठापर्यंत.
आणि ते फाटून संपल्यावर
खालून कुणीतरी हुंकार दिला.

माझ्या भाषेत पाण्याला आवाज किती:
खळखळ, झुळझुळ, डुबुक, चुबुक.
सगळे मोकळ्या पाण्याचे.
गोठलेल्याला एकही नाही.
दोर्जपालमकडे शब्द होता. तीनदा म्हणून दाखवला.
माझ्या घशातून निघेना, ती हसून हसून खाली बसली.
मी फाइलला नाव दिलं: राक्षस_०७.

चौदाव्या मिनिटाला तुमेन-ओल्झी खोकलाय.
स्टुडिओ म्हणाला, काढा.
काढला. अर्ध्या सेकंदाचं काम.
बाकीचा आवाज त्यांनी निम्म्या वेगाने वाजवला,
म्हणजे राक्षस मोठा वाटतो.

जूनमध्ये दोर्जपालमच्या मुलाचा व्हिडिओ आला.
तेमुलेन फोनवर खेळतोय, जीभ बाहेर,
खिडकीत ऊन, माशा.
राक्षसाने तोंड उघडलं.
आतल्या खोलीत भांडी घासण्याचा आवाज थांबला
आणि दोर्जपालम काहीतरी ओरडून बोलली.

मी विचारलं, काय म्हणाली?
बऱ्याच वेळाने उत्तर आलं.
आई विचारत होती, हे कुठलं सरोवर?
म्हणाली, एवढा जाड बर्फ
ती लहान असताना धरायचा.

खोकला मी पुसलेला नाही.
वेगळ्या फाइलीत आहे, त्याला नाव दिलेलं नाही.