सांख्यिकी स्थिर मानू

टपावर चुंबकाने चिकटवलेला अँटेना,
मांडीवर लॅपटॉप, डॅशबोर्डवर चार फोन,
दिवसभर कुणाला ना कुणाला लावत बसलेले.
तांबोळी काटा तिशीवर ठेवतात.
चाळीसला खाचा नीट मोजता येत नाहीत,
विसावर मागचे हॉर्न सोसवत नाहीत.

काम असं:
टॉवरवरून निघालेलं एकच बोलणं
काचेच्या इमारतीवर आपटून येतं,
टँकरच्या पोटावरून घसरून येतं,
मेट्रोच्या खांबाला वळसा घालून उशिरा येतं,
आणि सगळी जण पोचली की
कधी एकमेकांना हात देतात
कधी एकमेकांना पुसून टाकतात.
वीतभर पुढे सरका: हॅलो? हॅलो?
आणखी वीतभर: हां, बोल, येतोय आवाज.

या चढउतारांचं मला काही वाटत नाही.
त्यांची कोष्टकं असतात.
चौथ्या सत्रात गोगटे मॅडम फळ्यावर लिहायच्या,
"सांख्यिकी स्थिर मानू",
खडू ठेवून हात झटकायच्या
आणि जरा वेळ दाराकडे बघायच्या,
कुणी हरकत घ्यायला येतंय का म्हणून.
कुणी आलं नाही.
आम्ही मानली.

आता मोजते तर
सरासरी सहा मीटर टिकते. फार तर दहा.
म्हात्रे पुलावर थोडी जास्त, तिथे नदीवर मोकळं आहे.
पूल उतरून वळलं की
आकडे बदलतात ते सोडा,
आकड्यांचा स्वभाव बदलतो.
रुसवा वेगळा आणि माणूसच वेगळं होणं वेगळं,
तसं काहीसं.

(एरंडवण्यात एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी
गाडी अडवून विचारलं, काय मोजताय?
म्हटलं, हवा.
कुणाच्या परवानगीने?)

गणेशखिंड रस्त्याचा हा माझा तिसरा फेरा.
पहिला सात वर्षांपूर्वी. त्याची फाइल अजून आहे:
दोन वड, एक चिंच,
म्हणजे फाइलमध्ये ते वड-चिंच असे नाहीत,
तिथे सिग्नल नऊ डेसिबल खाली बसलेला आहे
आणि वाऱ्याच्या दिवशी थरथरतो.
पानं अशी दिसतात मला.
आज तिथे रेघ सरळ गेली.
रिपोर्टात रकाना आहे, "बदलाचे कारण".
मी लिहिलं: अडथळा दूर.
खोडलं.
वेगळं काही सुचेना, परत तेच लिहिलं.

तांबोळींनी मात्र सवयीने गाडी डावीकडे घेतली,
दर वेळी चहाला घेतात तिथेच,
चिंचेखाली.
भर उन्हात हँडब्रेक ओढला, आणि मग वर बघितलं.
"इथंच होतं ना हो?"
त्यांचा हात जुन्या कोष्टकावर चालत होता.
मी म्हटलं, हो, नऊ डेसिबल.
त्यांना ते कळलं असावं. मान हलवली.

तेवढ्यात पाचवा फोन वाजला, त्यांचा स्वतःचा.
नाझनीन, सोलापूरहून, नर्सिंगचं दुसरं वर्ष,
रात्रपाळी संपली की करते.
ते उतरले. दोन पावलं इकडे, एक तिकडे,
आवाज लागला तसे जागीच थिजले,
कोपर अंगाशी, मान वाकडी,
श्वाससुद्धा बेताने.

पुस्तकात हे उदाहरण आहे:
ऐकणारा उभा असला
तरी आजूबाजूचं जग उभं नसतं.
पीएमटी गेली. वरून मेट्रो गेली.
पलीकडे क्रेनने एक काच
हळूच तेराव्या मजल्यावर टेकवली.

"काय म्हणालीस? बेटा? परत बोल."

लॅपटॉप चालूच होता. गाडी थांबली की
सॉफ्टवेअर तो तुकडा आपोआप वगळतं,
वेग शून्य, नमुने निरुपयोगी.
मी तो वगळू दिला नाही.
चार मिनिटं अकरा सेकंद.
शेवटी शेवटी एक खोल खाच आहे, आणि लगेच चढ:
तिथे तांबोळी अर्धं पाऊल डावीकडे सरकले होते,
असं मी म्हणते. तसं नसेलही. त्यांच्या फोनचं मोजमाप
माझ्याकडे कुठे आहे.